बसता येईल ना?

साडी नेसवणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे असं सांगितलं की समोरचा माणूस आधी हसतो. साडी नेसवायला वेगळं माणूस कशाला लागतं, असं त्याच्या तोंडावर लिहिलेलं असतं. मग मी एक-दोन पुरस्कार सोहळ्यांची नावं घेते. हसू थांबतं आणि पुढचा प्रश्न ठरलेला येतो: अमुक नटी जवळून कशी दिसते हो? याचं उत्तर मला खरंच नीट देता येत नाही. त्या रात्री मी बहुतेक वेळ गुडघ्यांवर असते, डोळ्यांसमोर निऱ्या असतात आणि दातांत टाचण्या. चेहरा मेकअपवाल्याच्या ताब्यात, केस हेअरवालीच्या. कमरेपासून जमिनीपर्यंतचा मुलूख तेवढा माझा.

हे काम मी कुठल्या कॉलेजात शिकले नाही. माझी आत्या गिरगावात नवऱ्या सजवायची. नऊवारीची कमरेची गाठ ती अशी मारायची की एकही पिन न लावता ती नवरी सकाळच्या गौरीहारापासून रात्रीच्या वरातीपर्यंत निर्धास्त वावरायची. नेसवून झालं की आत्या म्हणायची, "आता पाटावर बस. मांडी घाल. ऊठ." अशी दोन-तीनदा उठबस झाली आणि काष्टा जागचा हलला नाही, की मगच दागिन्यांचा डबा उघडायचा. पुढे मी ब्यूटी पार्लरचा कोर्स केला आणि एका मालिकेच्या कपडेपटात मदतनीस म्हणून लागले. तिथल्या ड्रेसदादांनी दुसरा धडा दिला. ते म्हणाले, "कॅमेऱ्याला पुढचंच दिसतं ताई, पण बाईला सगळीकडून टोचतं." आत्याची उठबस आणि दादांचं हे वाक्य, एवढ्या भांडवलावर मी रेड कार्पेटच्या दारापर्यंत पोचले.

तिथे गेल्यावर पहिली गोष्ट कळली ती ही, की त्या रात्री अंगावर असलेलं फारच थोडं त्या बाईचं स्वतःचं असतं. कपडे डिझायनरच्या शोरूममधून स्टायलिस्टने मागून आणलेले असतात. त्या बदल्यात डिझायनरला मिळतो फोटो आणि इन्स्टाग्रामवर नाव. हे नमुन्याचे कपडे बहुधा रॅम्पवरच्या मॉडेलच्या मापाचे असतात. नटी तिच्यापेक्षा चार इंच बुटकी असते, नाहीतर खांद्यात रुंद. कापडाला कात्री लावायची सोय नसते, कारण दोन दिवसांनी तोच कपडा दुसऱ्या शहरात दुसऱ्या कुणाच्या तरी अंगावर चढायचा असतो. मग आतून कच्चे टाके घालायचे, कमरेला आत दुमड घालायची, पाठीला हूक सरकवायचे, आणि दुसऱ्या दिवशी हे सगळं उसवून, ड्राय क्लीन करून कपडा होता तसा परत करायचा. दागिन्यांबरोबर सराफाचा माणूस येतो. चिठ्ठीवर नगांची नोंद असते. तो व्हॅनिटीच्या पायरीशी बसून राहतो आणि शेवटची कुडी परत पेटीत गेल्याशिवाय हलत नाही. ही रीत आपली नव्हे. हॅरी विन्स्टन या न्यूयॉर्कच्या जवाहिऱ्याने 1944 साली जेनिफर जोन्सला ऑस्करसाठी हिरे वापरायला दिले, तेव्हापासून ती रुळली असं सांगतात.

साडीचं खरं काम आदल्या दिवशी उरकावं लागतं. फॉल-पिको झालेली साडी इस्त्रीच्या टेबलावर पसरून निऱ्या आधीच घालून, दाबून, चिमटे लावून मलमलीत गुंडाळून ठेवायच्या. पदराच्या चुण्या वेगळ्या बांधायच्या. प्रत्येक कापडाचा स्वभाव निराळा. शिफॉन हातातून निसटतं, त्याला आतून धरून ठेवावं लागतं. ऑर्गन्झा फुगतो, त्याला वाफ देऊन बसवावा लागतो. कांजीवरम ऐकते, पण तिचं वजन रात्रभर खांद्यावर राहतं. पैठणीच्या पदरात जरच जर, त्यात पिन खुपसली की भोक कायमचं पडतं. म्हणून पिन आतल्या चुणीत लपवायची आणि ब्लाउजच्या शिवणीत रुतवायची. पिनेच्या वळशात एक बारीक मणी ओवून ठेवला की कापड त्यात अडकून फाटत नाही. आणि सगळ्यात पहिला नियम असा, की त्या रात्रीची चप्पल पायात असल्याशिवाय मी साडीला हात लावत नाही. टाचेची उंची बदलली की सगळ्या निऱ्यांचा हिशेब चुकतो.

सोहळ्याच्या दिवशी दुपारपासून व्हॅनिटी व्हॅनची रांग लागते. जनरेटरची घरघर, स्टीमरची वाफ, हेअरस्प्रेचा वास आणि मॅनेजरचा फोन. कार्पेटवर कोण किती वाजता उतरणार याची वेळ आधी ठरलेली असते, पण ती वेळ पाळली गेल्याचं मी फारसं पाहिलेलं नाही. गाडीतून उतरताना मी बाजूला. कार्पेटवर पाऊल पडलं की मी आणि स्टायलिस्टची मुलगी वाकून घोळ पसरवतो आणि फोटोच्या चौकटीतून पळ काढतो. पलीकडे कठड्यामागे फोटोग्राफर एकाच वेळी नाव घेऊन ओरडत असतात, इकडे बघा, उजवीकडे, खांद्यावरून मागे. माझ्या पिशवीत त्या वेळी सेफ्टी पिनांची माळ, चार रंगांचे दोरे ओवलेल्या सुया, दुहेरी चिकटपट्टी, खडू, बेबी पावडर, जास्तीचा नाडा आणि ग्लुकोजची बिस्किटं असतात. सगळ्यात जास्त लागतात ती बिस्किटं. बहुतेक जणींनी सकाळपासून काही खाल्लेलं नसतं.

फोटोंचा हा सगळा खेळ पाच-सात मिनिटांत आटपतो. त्यानंतर खुर्चीत बसायचं असतं, आणि ते तासन् तास. 1954 साली मुंबईच्या मेट्रो चित्रपटगृहात पहिला फिल्मफेअर सोहळा झाला तेव्हा पुरस्कार पाचच होते. आता नाच, विनोद, प्रायोजकांची भाषणं आणि विभागामागून विभाग यांत मध्यरात्र कधी उलटते कळत नाही. टीव्हीवर तुम्ही जे पाहता ते कापून-जोडून सुटसुटीत केलेलं असतं. प्रत्यक्ष चित्रीकरणात मध्येच दिवे बिघडतात, एखादा प्रवेश पुन्हा होतो आणि पहिल्या रांगेतली मंडळी हसऱ्या चेहऱ्याने बसून राहतात. आणि अंगावरचा पोशाख असतो त्या पाच-सात मिनिटांसाठी शिवलेला.

मी काय काय पाहिलंय ते सांगते. कॉर्सेटच्या पट्ट्या बसल्यावर बरगडीत घुसतात, म्हणून एक जण खुर्चीच्या कडेवर तिरपी टेकून होती. मणी-काचा लावलेल्या घागऱ्याची खरखरीत खूण मांड्यांवर उमटते, ती दुसऱ्या दिवशीही जात नाही. बाथरूमला जायचं तर दोन माणसं लागतात, म्हणून दुपारपासून पाणी बंद. एकदा मध्यंतरात एका तरुण नटीचा निरोप आला, "ताईंना बोलवा." मी वाकून गेले. ती ओठ न हलवता म्हणाली, "ताई, श्वास घेता येत नाहीये." तिच्या ओढणीआडून मी पाठीचे दोन हूक सोडले. तिने पहिला पूर्ण श्वास घेतला आणि लगेच कॅमेऱ्याकडे बघून हसली. थोड्या वेळाने तिला पुरस्कार मिळाला. ती मंचावर चढली ती दोन हूक सुटलेल्या अवस्थेत. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

परदेशात तर हे उघडपणे मान्य केलेलं दिसतं. मे 2022 मध्ये किम कार्दाशियनने न्यूयॉर्कच्या मेट गालाला मेरिलिन मन्रोचा 1962 सालचा मूळ पोशाख घातला. तो घालून ती फक्त पायऱ्या चढली आणि लगेच त्याची नक्कल अंगावर चढवून आत गेली. जुन्या, नाजूक वस्त्राची काळजी म्हणून ते बरोबरच होतं. पण मला वाटतं, रेड कार्पेटचं सगळं शास्त्र त्या एका प्रसंगात दिसलं. खरा पोशाख पायऱ्यांपुरता, बसण्या-जेवण्यासाठी दुसरा.

याच्या अगदी उलट काम मंचामागे चालतं. नटी पहिल्या रांगेत गाऊनमध्ये बसलेली असते आणि थोड्याच वेळात तिला नऊवारीत लावणीवर नाचायचं असतं. विंगेत दोघी चादर धरतात, आत आम्ही तिघी-चौघी. एक पाठीची चेन ओढते, एक पायातल्या सँडल काढून घुंगरू बांधते, एक अंबाड्यावर गजरा खोचते, मी कमरेशी. कानाशी फ्लोअर मॅनेजर सेकंद मोजत असतो. अशा वेळी शिवलेली नऊवारी वापरतात. पायजम्यासारखी चढवायची, नाडी ओढायची, हूक लावायचे, पदर पिन करायचा. 'बाजीराव मस्तानी'मधल्या 'पिंगा'नंतर, म्हणजे 2015 नंतर, माझ्याकडे अशा नऊवारीची मागणी खूप वाढली. जुन्या बायका नाकं मुरडतात, शिवलेली ती कसली नऊवारी म्हणतात. मी मुरडत नाही. ती नाचण्यासाठी शिवलेली असते. तिच्यात पाय फाकतो, गिरकी घेता येते, खाली बसून अदा करता येते. आत्याच्या परीक्षेत ती पास होते.

शिवण्याला माझा विरोध नाही हे ठासून सांगते, कारण या बाबतीत माझ्यासमोर कोल्हापूरच्या भानू अथैया आहेत. 'ब्रह्मचारी' (1968) या चित्रपटात मुमताझने नाचताना नेसलेली केशरी साडी पुढे तिच्याच नावाने ओळखली जाऊ लागली. ती भानूताईंनी अंगाबरोबर बसेल अशी शिवून घेतली होती, म्हणूनच तिच्यात इतकं मोकळं नाचता आलं. त्याच भानूताईंना 1983 साली 'गांधी'साठी जॉन मोलो यांच्याबरोबर ऑस्कर मिळालं. ऑस्कर मिळालेल्या त्या पहिल्या भारतीय. 'गांधी'तले कपडे आठवून पाहा. पंचे, धोतरं, खादीच्या साड्या, मळलेले सदरे, गोऱ्या साहेबांचे गणवेश. दोन-चार सोडले तर एकही कपडा बघणाऱ्याचे डोळे दिपवायला केलेला नाही. चालणाऱ्या, चरख्यापाशी बसणाऱ्या, काठ्या खाणाऱ्या माणसांच्या अंगावरचे ते कपडे. जगातल्या सगळ्यात चकचकीत रेड कार्पेटच्या शेवटाला आपल्या देशाला पहिला मान मिळाला तो अशा कपड्यांबद्दल. 2012 मध्ये त्यांनी ती बाहुली नीट जपली जावी म्हणून अकादमीकडे परत सोपवली. 2020 च्या ऑक्टोबरमध्ये त्या गेल्या, तेव्हा आमच्या कामातल्या कितीतरी तरुण मुलींना त्यांचं नाव पहिल्यांदा कळलं. हे मला फार लागलं.

नावाचा विषय निघालाच आहे तर तोही बोलून टाकते. पूर्वी एका फोटोखाली एक नाव असायचं. आता इन्स्टाग्रामवर डिझायनर, दागिने, चप्पल, केस, मेकअप, स्टायलिस्ट, तिच्या मदतनीस मुली, फोटोग्राफर, सगळ्यांना टॅग करतात. साडी नेसवणारीचं नाव अधूनमधून येतं. पण कपडा प्रत्यक्ष ज्यांनी घडवला त्यांचं येत नाही. एकदा एका पदराचं भरतकाम शेवटच्या घटकेला कमी करायचं होतं, म्हणून मी तो घेऊन कुर्ल्याच्या एका कारखान्यात गेले. माळ्यावरच्या खोलीत लाकडी अड्ड्यावर कापड ताणलेलं, दोन्ही बाजूंना बिहार-बंगालकडची मुलं मांडी घालून बसलेली. सुईने टोचलेल्या खाक्यावरून कापडावर नक्षी उतरवलेली, वाट्यांत दबका, सलमा, कटदाणा. मजुरी नफरीवर, म्हणजे ठरलेल्या तासांच्या पाळीवर. त्यांच्यापैकी एकाने मला विचारलं, ही साडी कोण नेसणार? मी नाव सांगितल्यावर तो क्षणभर थांबला, मान डोलावली आणि पुन्हा आरी चालवू लागला. 2024 च्या मेट गालाला आलिया भट्टने सब्यसाचीची साडी नेसली तेव्हा ती 163 जणांनी 1965 तास काम करून घडवली असं जाहीर करण्यात आलं. नावं नाही कळली, पण हातांचा आकडा तरी कळला. आपल्याकडच्या सोहळ्यांत एवढंही मी अजून ऐकलेलं नाही.

पैशांचं रडगाणं फार गाणार नाही. एका साडीमागे ठरलेली रक्कम असते. ती हातात पडायला कधी महिना लागतो, कधी तीन. एका नामवंत स्टायलिस्टच्या ऑफिसने मला पैशांऐवजी 'एक्स्पोजर' देऊ केलं होतं. त्यावर मी विचारलं की लोकलचा पास त्याने निघतो का. सोहळा पहाटे संपतो आणि डोंबिवलीची लोकल चारनंतर सुरू होते, हा हिशेब कुणाच्याच कॉलशीटवर नसतो. तरी बायकांसाठी काही बदललं हेही खरं. माझी एक मैत्रीण उत्तम मेकअप करते, पण या धंद्यातल्या संघटनेच्या नियमांनुसार बाईने फक्त केस करायचे आणि मेकअप पुरुषाने, असं वर्षानुवर्षं चालत आलं होतं. ती चोरून व्हॅनमध्ये मेकअप करायची आणि कुणी तपासायला आलं की हातातला ब्रश टाकून कंगवा उचलायची. नोव्हेंबर 2014 मध्ये चारू खुराना यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने हा भेदभाव घटनाबाह्य ठरवला. आता तिच्याकडे स्वतःचं कार्ड आहे आणि त्यावर मेकअप आर्टिस्ट असं लिहिलेलं आहे.

इतक्या वर्षांत सगळ्यात आवडलेलं रेड कार्पेट कोणतं असं विचाराल, तर ते मी नेसवलेलं नाही. 2024 साली पायल कपाडियाच्या 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट'ला कान महोत्सवात ग्रां प्री मिळाला. त्या चित्रपटातल्या छाया कदम तिथे आपल्या आईची साडी नेसून आणि तिची नथ घालून गेल्या होत्या. मी तो फोटो मोबाइलवर मोठा करून पाहिला, धंद्याच्या सवयीने. उसनं काही नव्हतं, परत करायचं काही नव्हतं. त्या चालत होत्या, वळत होत्या, हसत होत्या, आणि साडीला त्याची जणू पूर्वीपासून सवय होती. आईच्या अंगावर ती कितीदा तरी बसली-उठली असणार. नव्या कपड्यात हे गुण येत नाहीत असं नाही, पण त्यासाठी तो शिवणाऱ्याने नेसणारीचा पूर्ण दिवस डोळ्यांसमोर धरावा लागतो.

हे सगळं मी नट्यांसाठी लिहीत नाहीये. त्यांना स्टायलिस्ट आहेत, मदतीला माणसं आहेत, त्या रात्रीचा मोबदलाही आहे. मला काळजी वाटते ती कल्याण, नाशिक, साताऱ्याच्या नवऱ्यांची. लग्नसराईत माझ्याकडे येणारी प्रत्येक दुसरी मुलगी मोबाइलमधला रेड कार्पेटचा फोटो पुढे करते. हुबेहूब असंच हवं. मग वडिलांचे पैसे खर्च होतात, कमरेत घट्ट, मागे लांब घोळ असलेली तयार साडी शिवून येते आणि लग्नाच्या दिवशी ती मुलगी होमापुढे पाटावर बसूच शकत नाही. भटजी खोळंबतात, करवली घोळ उचलून मागे मागे फिरते, पंगतीत तिच्यासाठी एकटीला खुर्ची मांडावी लागते. जेवणही ती चमच्याने, जपून, अर्धपोटी. अल्बममधला फोटो मात्र झकास येतो.

म्हणून माझं सांगणं एवढंच. कपडा शिवून आला की आरशासमोर उभं राहून फोटो काढायची घाई करू नका. लग्नाच्या दिवशीची चप्पल घाला आणि घरातला पाट घ्या. मांडी घालून बसा, उठा, दोन्ही हात डोक्यावर न्या, चार पायऱ्या चढा-उतरा, पोटभर जेवा आणि मग पुन्हा बसून बघा. यातलं एक जरी जमलं नाही तर शिंप्याकडे परत जा आणि बदल करून घ्या. पैसे तुम्ही दिलेत, कपडा उसना नाही. आणि लग्नाच्या दिवशी जी बाई पहाटे येऊन तुम्हाला साडी नेसवेल, तिचे पैसे त्याच दिवशी द्या.